उभ्या विमानाचे काशीनाथराव

काशीनाथ गायकवाडांनी रेशन दुकानाच्या तराजूला टेबलफॅन उलटा टांगला, त्या दिवसापासून कर्जतच्या बाजारपेठेत त्यांना ‘विमान’ म्हणू लागले.

खरं म्हणजे तो त्यांचा दुसरा प्रयत्न होता. पहिल्या वेळी त्यांनी पंखा तराजूच्या पारड्यातच पालथा ठेवला होता. बटण दाबलं तरी काटा जागचा हलला नाही. रांगेतली माणसं हसली. काशीनाथराव पंखा काखेत मारून घरी गेले आणि तीन दिवसांनी परत आले.

“चूक माझीच व्हती,” दुकानदाराला म्हणाले. “हवा पारड्यावरच आपटत व्हती. आपल्याच खांद्यावर बसून आपण वर जाऊ का? पारडं काढा.”

पारडं काढून पंखा सुतळीनं आकड्याला टांगला, तोंड जमिनीकडे. बटण दाबलं. पंखा शंभर ग्रॅम हलका झाला. काशीनाथराव ओरडले, “बघा! उचलतोय!” आणि तेवढ्यात पात्यांच्या उलट दिशेनं सबंध पंखाच गरगर फिरायला लागला. वायर दुकानदाराच्या हाताभोवती गुंडाळली गेली, साखरेचं पोतं आडवं झालं. दुकानदार आईवरून शिव्या देत होता आणि काशीनाथराव खिशातल्या विडीच्या कागदावर लिहून घेत होते : ‘एक पंखा चालणार नाही. दोन पायजेत. उलटसुलट.’

काशीनाथराव रेल्वेत फिटर होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी इंजिनं कर्जतला लागतात, त्या इंजिनांच्या पोटात त्यांचा दिवस जायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न करून खालापूरकडे कुंभिवलीला दिली होती. काळेसावळे, काटक, शर्टाच्या खिशात पेन्सिल आणि सहा इंची पट्टी. आणि डोक्यात एकच गोष्ट : उभं विमान. जागच्या जागी वर जाणारं, जागच्या जागी उतरणारं.

“विमानाला उडायच्या आधी पळायला कशाला लागतं?” ते विचारायचे. “चिमणी पळते का?”

“अहो, हेलिकॉप्टर आहे ना,” टपरीवर चहा पिताना आमच्यातला कुणीतरी हटकून म्हणायचा.

“हाय. पण ते वर जातं, पळत नाय. विमान पळतं, वर जात नाय. दोघांचं लगीन लावायचं. वर जाताना पंखे आभाळाकडं. वर गेलं की पंखे वळवायचे पुढं. मग विमानच.” हे सांगताना ते दोन्ही हातांचे पंजे कानांपाशी धरून हळूहळू पुढे वळवायचे. चहावाल्याचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघत राहायचं.

यामागं त्यांचा हिशेबही होता. “आपल्या तालुक्यात धावपट्टीएवढी सपाट जागा दाखवा मला. नुसती खाचरं आणि बांध. म्हणजे विमान खाचरात उतरलं पायजे. आमचं खाचर पंचेचाळीस फूट बाय तीस. त्यापेक्षा मोठं विमान मला नको.” विमानाचा आराखडा आपल्या भाताच्या खाचराच्या मापानं काढणारा जगात हा एकच माणूस असावा.

“सरळ वर, सरळ खाली. मधे लुडबूड नाय,” हे त्यांचं पालुपद. ते विमानापुरतं नव्हतं. माझी बढती अडली तेव्हा म्हणाले, “साहेबाच्या साहेबाला अर्ज करा. सरळ वर.” एकदा स्टेशनवर नवरा-बायको भांडत होते, त्यांनाही मधे पडून हाच सल्ला दिला. दोघं भांडण सोडून यांच्याकडेच बघत राहिले.

मी तेव्हा कर्जतला तालुक्याच्या कचेरीत टायपिस्ट होतो. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या टपरीवर आमचा चौघांचा चहा असायचा. मी, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे पेंडसे मास्तर, भाताच्या गिरणीचे शांतिभाई आणि काशीनाथराव. बारा वर्षं आम्ही एका बाकावर बसून चहा प्यायलो. गणपतीत मास्तरांकडे, दिवाळीत शांतिभाईंकडे, असं आम्ही तिघं एकमेकांकडे जायचो. काशीनाथरावांचं घर कळंबच्या रस्त्यावर, सायकलीनं अर्ध्या तासावर, गावाबाहेरच्या बौद्धवाडीत. तिथं आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं असतं तर आम्ही रस्ता खराब आहे म्हणून सांगितलं असतं. तसं कुणी विचारलंही नाही.

विमानाबद्दल ते दिल्लीला सरकारकडे पत्रं लिहायचे. म्हणजे ते मराठीत सांगायचे, मी जेवणाच्या सुट्टीत इंग्रजीत टाईप करायचो आणि खाली ते सही करायचे. उत्तराचा पत्ता माझ्या घरचा, कारण त्यांच्या वाडीत पोस्टमन मनात येईल तेव्हा जायचा. पहिली दोन पत्रं मी टाकली. उत्तर आलं नाही. तिसरं टाकलंच नाही. टपरीवर काशीनाथराव यायच्या आधी वाचून दाखवलं. आम्ही खूप हसलो.

त्याच सुमारास त्यांनी पेंडसे मास्तरांना एकदा चारचौघांत गप्प केलं. पंखा हवा खाली ढकलतो म्हणून विमान वर जातं, की हवा वर ओढते म्हणून, असा काहीतरी वाद होता. मास्तरांच्या वर्गातली दोन पोरं शेजारीच भजी खात होती. मास्तर चुकले. काशीनाथरावांनी कपबशीत फुंकर मारून ते दाखवूनही दिलं. मास्तरांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, “याला दिल्लीहून उत्तर आणू या का?”

कल्पना मास्तरांची, पण टाईप मी केलं. हे मला कुणावर ढकलता येणार नाही. जाड कागद आणला, वर मोठ्या अक्षरात सरकारी वाटेल असं खात्याचं नाव लिहिलं. ‘आपला आराखडा विचाराधीन असून आमचे अधिकारी रविवारी दुपारी प्रत्यक्ष पाहणीस येतील. भोजनाची व्यवस्था करावी.’ भोजनाची ओळ माझी. त्या ओळीवर शांतिभाईंना ठसका लागला होता.

पत्र मी काशीनाथरावांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, बराच वेळ उलटसुलट पाहिलं, घडी करून खिशात ठेवलं. “बरं,” म्हणाले. “रविवारी.” दुसरं काही बोलले नाहीत. आनंदानं वाचा बसली, असं आम्ही ठरवलं.

रविवारी आम्ही तिघं सायकलींवर मजा बघायला गेलो. थंडीचे दिवस, भातं निघालेली, खाचरं कोरडी. रस्त्याच्या कडेला करवंदीच्या जाळीमागं दडून बसलो. समोर त्यांचं खाचर. त्यात चुन्यानं भलंमोठं पांढरं वर्तुळ आखलेलं. मधोमध बांबूची तीन पायांची तिकाटी, तिच्यात एक उभी सळई आणि सळईत ओवलेलं ते विमान. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, पत्र्याचे दोन पंखे. खाली चाकं काढलेली सायकल. काशीनाथरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. केसांना तेल होतं.

बारा वाजले, साडेबारा झाले. शांतिभाई तोंडात रुमाल कोंबून हसत होते. मग काशीनाथराव सायकलवर बसले आणि पायडल मारायला लागले. एकटेच. साखळीचा खडखडाट आमच्यापर्यंत येत होता. पंखे फिरायला लागले, कागद फडफडला, आणि ते विमान सळईवरून वर सरकलं. वीतभर. सरळ वर. काशीनाथराव जीव खाऊन पायडल मारत होते आणि ते वर थरथरत राहिलं होतं. मग दम संपला तसं सावकाश खाली आलं.

आमचं हसणं थांबलं. मास्तर पुटपुटले, “च्यायला, उठलं की.”

काशीनाथरावांनी मान वळवून आजूबाजूला पाहिलं. बघायला कुणी नव्हतं. मग ते आमच्या बाजूला बघायला लागले, तसे आम्ही जाळीत खाली वाकलो. थोड्या वेळानं वाकूनच रस्त्याला लागलो आणि मास्तरांच्या घरी जाऊन जेवलो.

सोमवारी ते नेहमीसारखे टपरीवर आले. “साहेब नाय आले,” म्हणाले. “काम निघालं असंल.” आणि चौघांचा चहा सांगितला. त्यांनी सांगितलेला तो चहा मी तसाच बाकावर ठेवून दिला.

आता सगळं सांगून टाकावं, असं मला रोज वाटायचं आणि रोज राहून जायचं. होळी झाली तरी तेच. उभ्या विमानाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि त्यानं तर मला जास्तच अपराधी वाटायला लागलं. शेवटी एका रविवारी सकाळी कुणाला न सांगता सायकल काढली आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

घर दोन खोल्यांचं, सारवलेलं, चकचकीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली आराखड्यांच्या सुरळ्या. ते स्टोव्हला पिन मारत होते. मला बघून गडबडले, खुर्ची पुसायला लागले.

“काशीनाथराव, ते पत्र…” मी उभ्यानंच सुरुवात केली. “दिल्लीहून नव्हतं आलं.”

“ठावं हाय,” ते म्हणाले. “बसा की.”

“कधी कळलं?”

“तुमी दिलंत तवाच. भाऊसाहेब, मी फिटर हाय. तुमच्या मशीनच्या ‘आर’चा पाय तुटलाय. माझ्या सगळ्या पत्रांत तुटलेलाच हाय. दिल्लीतल्या मशीनचा पण तोच पाय तुटंल का?”

मला खुर्चीत बसवेना. “मग एवढं सगळं केलंत कशाला? चुना, इस्त्रीचा शर्ट…”

त्यांनी पिन फडक्याला पुसली. “साहेब येणार नाय हे मला ठावंच व्हतं. पण म्हटलं, मजा बघायला तरी तुमी तिघं याल. भोजनाची व्यवस्था करावी असं तुमीच लिवलं व्हतं. मुलीला आदल्या दिवशी बोलावून घेतलं. चार ताटं करून झाकून ठेवली व्हती.” मग म्हणाले, “तुमी जाळीत दिसलात तवा मी हातानं बोलावलं पण. तुमी खाली वाकलात.”

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. माफी मागायची म्हणून सबंध रस्ता वाक्यं जुळवत आलो होतो, त्यातलं एकही आठवेना.

“चुकलो,” एवढंच म्हणालो.

“जाऊ द्या. जेवणार का आता?”

आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “नको नको, जेवूनच निघालोय.”

सकाळचे साडेदहा वाजले होते. एवढ्या लवकर कुणी जेवतं का? पण अशा वाड्यांमधल्या दारात आमच्या घरची माणसं हेच वाक्य बोलत आली होती, ते जिभेवर तयारच होतं. काशीनाथराव “बरं” म्हणाले आणि आत गेले. मी सायकलीपाशी आलो. स्टँड काढला. हँडल धरून तसाच उभा राहिलो. जन्मात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, पत्राचीसुद्धा नाही.

सायकल परत भिंतीला लावली. आत गेलो. ते पाठमोरे स्टोव्हपाशी बसले होते.

“काशीनाथराव, मी जेवलेलो नाही.”

“ठावं हाय,” मागं न बघता ते म्हणाले. “भात टाकलाय.”