रासकरकाकांचे इनसोल

आमच्या कसबा पेठेतल्या नव्याकोऱ्या फूटपाथवर एका सकाळी लाल खडूच्या फुल्या उमटल्या. हलणाऱ्या फरशीवर फुली, वर आलेल्या झाकणावर फुली. आम्ही पादचाऱ्यांच्या हक्कांची पत्रकं वाटणारी मंडळी. मला वाटलं, शेवटी कोणाला तरी लाज वाटली! जवळ जाऊन बघते तर आमच्याच इमारतीतले रासकरकाका, गुडघ्यावर हात टेकून पुढची फुली मारताहेत.

"काका, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? माल बाद आहे. तुला दिसत नाही का?"

काकांनी हडपसरच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्यात आयुष्य घालवलं. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने शाल दिली, सवय मात्र ठेवून घेतली नाही. खिशात खडू आणि जाडी मोजायचा व्हर्निअर घेऊन हिंडतात. कोपऱ्यावरच्या बटाटेवड्यालाही तो लावतात.

"काका, वडा खायचाय की इंजिनात बसवायचाय?" दुकानदार वैतागतो.

"घशात बसवायचाय. तिथंही मापच लागतं."

एक गोष्ट स्पष्ट करते. हा माणूस विक्षिप्त आहे, तक्रारखोर नाही. दोन्हींत फरक आहे आणि या शहराला तो कळत नाही. तक्रारखोराला भांडण हवं असतं, काकांना नीट बसणारी वस्तू हवी असते.

अशा माणसाच्या स्वतःच्याच टाचा दगा देऊ लागल्या. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी बजावलं, पावलाच्या मापाचे इनसोल, म्हणजे बुटात घालायचे तळवे, करून घ्या, नाहीतर उभं राहणं विसरा, खुर्चीत बसून राहा.

"बसून माझं भागणार नाही," काका म्हणाले. "मला उभं राहता आलंच पाहिजे."

शनिवार पेठेतल्या एका क्लिनिकमध्ये त्यांनी मऊ फोमच्या खोक्यात पाय रोवून ठसे दिले. त्यावरून इनसोल तयार झाले. काकांनी ते घरात घालायच्या वेगळ्या बुटांत बसवले. घरात बूट! इमारतीत त्याची चर्चा झाली ती झालीच. पण आठवड्याच्या आत इनसोल लाल फुलीसकट क्लिनिकमधल्या मॅडमच्या टेबलावर परत.

"इथे बसतात, घरी रुततात," काका म्हणाले.

दुसरा जोड झाला. तोही परत.

"काका, घरी तुम्ही नेमकं करता काय?" मॅडमनी विचारलं.

"उभा राहतो."

"आणि?"

"आणि काय? संसार करतो."

मॅडम म्हणाल्या, "वापरत राहा, सवय होईल."

हे मला काकांनी जिन्यात सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. सवय होईल! फूटपाथवर गाड्या लावल्या, सवय होईल. सिग्नल म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडू देत नाही, सवय होईल. आता माणसाने स्वतःच्या पायाला वस्तूची सवय लावायची? मी ठरवलं, काकांना घेऊन जायचं आणि मॅडमना सुनवायचं.

त्यांना बोलवायला वर गेले तर दार उघडंच होतं. कमलकाकूंना अर्धांगवायू झाल्यापासून त्या बाहेर दिसत नव्हत्या. त्यांचं करायला बाई येत असेल, असं सगळी इमारत धरून चालली होती. बाईबिई कोणी नव्हतं. काकांनी काकूंच्या पाठीखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि त्यांना उचलून ते खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघाले. प्रत्येक पावलाला ओठ घट्ट मिटत होते.

"अहो, ती पोरगी दारात उभी आहे. आधी तिला बसायला सांगा," काकू अडखळत म्हणाल्या.

"तिचे पाय धड आहेत. आधी तू."

इनसोल एका माणसाच्या मापाचे होते. त्यांच्यावर उभी राहत होती दोन माणसं.

"हे क्लिनिकमध्ये का नाही सांगितलंत?" मी दाराबाहेर विचारलं.

काका हळू आवाजात म्हणाले, "तिला ओझं हा शब्द ऐकवायचा नाहीये मला. मुलगा बंगळुरूहून रोज फोन करतो. तुमच्या टाचा गेल्या की आईला शुश्रूषा केंद्रात ठेवू म्हणतो."

मग क्लिनिकमध्ये गेल्यावर मीच मॅडमना सांगितलं. त्या वरमल्या. म्हणाल्या, "काका, तेवढ्या वजनाचं गव्हाचं पोतं उचलून ठसा द्या ना."

"पोतं खांद्यावर मान टाकत नाही," काका म्हणाले. "पोत्याला पडायची भीती नसते. तोल वेगळा जातो."

घरी परतल्यावर आमची कुजबुज काकूंच्या कानावर गेलीच. त्या म्हणाल्या, "मला न्या. किती दिवस लपवणार आहात मला?"

रिक्षावाल्याच्या मदतीने आम्ही त्यांना नेलं. काकूंनी चांगली साडी नेसवून घेतली होती. क्लिनिकमधली माणसं बघू लागली तेव्हा त्याच म्हणाल्या, "बघा, बघा. लग्नात नाही उचललं कधी यांनी."

काका काकूंना घेऊन फोममध्ये उभे राहिले. मॅडम खाली वाकून पावलं न्याहाळत होत्या.

"अहो," काकू म्हणाल्या, "तो बाहेर गुलमोहर आहे का हो? मला नीट दिसत नाहीये."

काका वळले. फोममध्ये टाचा फिरल्या, ठसा पार फाकला.

"काका, हलू नका! माप बिघडतंय!" मॅडम ओरडल्या.

"बिघडू द्या," काका म्हणाले, आणि काकूंना दिसेल असे खिडकीकडे आणखी थोडे वळले. "गुलमोहरच आहे, कमल. वरच्या फांदीकडे बघ."

मॅडमनी नवा खोका उघडायला घेतला.