वांग्यांवर गोल शिक्का

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चौतीस वर्षं मी सरकारी दफ्तरात बाबूगिरी केली, त्यातली शेवटची अकरा बडे बाबू म्हणून. पण माझ्या हातून गेलेली एकही फाइल आक्षेप लागून परत आली नाही! एकही नाही! साहेब आले, साहेब गेले, पण पागेबाबूंचा कागद म्हणजे पक्का कागद. रिटायर झालो त्या दिवशी दफ्तरातले लोक रडले होते. बायको म्हणते सुटलो म्हणून रडले असतील. म्हणू द्या.

तेव्हा आमच्या मधूच्या, म्हणजे मधुवंतीच्या, ॲडमिशनचे कागद मी बघणार हे ओघानंच आलं. चित्रकलेची डिग्री तिनं इथे इंदूरलाच घेतली. पुढचं मास्टर्स तिला बडोद्याला करायचं होतं. मागच्या वर्षी इंटरव्ह्यू झाला, वेटिंग लिस्टमध्ये सहावं नाव लागलं, आणि त्यांनी पाचच घेतले! पोर दोन दिवस जेवली नाही. मग आमच्या सौ.नी, म्हणजे अमितानं, फर्मान काढलं, "अजून एक वर्ष देते. या खेपेला नाही झालं तर गुपचूप बी.एड. कर. चित्रं रविवारी काढायची." अमिता शाळेत गणित शिकवते. तिचं उत्तर एकदा आलं की आलं.

त्यानंतर वर्षभर मधू नुसती चित्रं काढत होती. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण पोरीची बोटं रंगानं काळीनिळी झालेली रोज बघत होतो. रविवारवाली चित्रं काढणारी ती पोरगी नव्हे, एवढं मलाही कळत होतं.

इंटरव्ह्यू शुक्रवारी होता. बुधवारी सकाळी ती मैत्रिणीकडे, पलककडे, निघाली. जाताना म्हणाली, "बाबा, मार्कशीटच्या फोटोकॉपी काढून ठेवा बस. बाकी कशाला हात नका लावू, प्लीज."

आता तुम्हीच सांगा, अनुभवी माणसानं हातावर हात धरून बसायचं? मी कॉलेजचं सूचनापत्र काढलं, चष्मा लावला. एक, मार्कशीट. दोन, जन्मतारखेचा दाखला. तीन, उमेदवाराची वीस मूळ चित्रं. आणि खाली एक ओळ: वरील सर्व बाबी सत्यापित करून आणाव्यात, उमेदवाराची स्वतःची सही चालेल.

सर्व! नियमात 'सर्व' लिहिलं असेल तर सर्व म्हणजे सर्व. आणि स्वतःची सही? हा काय पोरखेळ आहे? स्वतःच स्वतःला खरं म्हणायचं! तसं तर चोरही म्हणेल! राजपत्रित अधिकाऱ्याचा गोल शिक्का पाहिजे, तेव्हा कुठे कागदाला कागदपण येतं. मागच्या वर्षी पोरीचं का अडलं ते मला लख्ख दिसलं. अरे, एकाही चित्रावर शिक्का नव्हता!

इंदूरात दोन ओळखीच्या अधिकाऱ्यांना फोन केले. दोघंही हसले. एक तर म्हणाला, "भिया, अब कौन ठप्पा लगाता है!" पण मला वासुदेवजी आठवले. देपालपूरला सरकारी शाळेत प्राचार्य आहेत. त्यांच्या बदलीची फाइल मी एके काळी ढकलली होती. फोनवर म्हणाले, "पागेजी, आप आओ तो सही! ठप्पा अभी ज़िंदा है."

मार्कशीटच्या फोटोकॉपी काढून पिशवीत टाकल्या, वीस चित्रांचं ते बाड स्कूटरला आडवं बांधलं आणि निघालो. बेटम्यापर्यंत असा वारा की स्कूटर मी चालवत होतो की चित्रं, सांगता येत नाही. पण पोहोचलो.

वासुदेवजींनी टेबल रिकामं केलं, स्टॅम्पपॅडवर ताजी शाई ओतली आणि पहिलं चित्र समोर ओढलं. तीन वांगी आणि एक पितळी तपेली.

"ये किसकी कॉपी है?"

"भटे की." म्हणजे वांग्यांची.

"मूल प्रति कहाँ है? बिना मूल देखे मैं मिलान कैसे करूँ?"

आता काय सांगणार! मूळ वांग्यांचं अमितानं चैत्रातच भरीत केलं होतं.

"मूल नष्ट हो चुका है," मी म्हटलं.

"आपने स्वयं देखा था?"

"देखा था. खाया भी था."

"फिर ठीक है." धप्प!

बत्ताशाएवढा जांभळा शिक्का मधल्या वांग्याच्या बरोब्बर पोटावर बसला: 'मूल प्रति से मिलान किया, सही पाया गया.' खाली झोकदार सही. मी म्हटलं, कोपऱ्यात मारला तर? वासुदेवजी म्हणाले, "कोने वाला लोग फाड़ देते हैं. मैं हमेशा बीच में मारता हूँ." याला म्हणतात शिस्त!

दुसरं चित्र अमिताचं, वह्या तपासतानाचं.

"भाभीजी! पर नाक ज़रा लंबी नहीं हो गई?"

"नाक उतनी ही है."

"आप ज़िम्मेदारी लेते हो?"

तीस वर्षांपूर्वीच घेतली होती. धप्प! गालावर.

सातव्या चित्रात एक बाई पाठमोरी बसलेली, अंगावर कपडा नावालाच. कॉलेजात असं काढावं लागतं म्हणे. वासुदेवजी उठले, दार लावलं, एका हातानं डोळे झाकले आणि दुसऱ्या हातानं शिक्का मारला. कुठे बसला ते विचारू नका. मग बोटांच्या फटीतून बघितलं आणि मर्यादा पाळायची म्हणून आणखी तीन मारले. बाई आता पूर्ण झाकल्या गेल्या.

खरी पंचाईत बाराव्या चित्रानं केली. नुसता निळा आणि मातकट रंग! वासुदेवजींनी ते चारी बाजूंनी फिरवलं.

"ये क्या है?"

"मधू कहती है, मन का है."

"मन मेरे अधिकार क्षेत्र में नहीं आता, पागेजी!"

पाच मिनिटं चर्चा झाली. शेवटी शिक्का मारून त्यांनी खाली पेनानं लिहिलं, 'मिलान संभव नहीं. आवेदक के पिता के कथन पर मान्य.' मला इतकं भरून आलं! असा अधिकारी आता होणे नाही.

विसावं चित्र झालं आणि शाळेची घंटा वाजली. चहा-कचोरी झाली. परतताना काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, पण म्हटलं, वीसच्या वीस झाली, राहणार काय?

संध्याकाळी मधू आली. मी बाड पुढे केलं आणि ऐटीत म्हटलं, "बघ! आता कोण अडवतो ते बघू!"

तिनं पहिलं चित्र उघडलं. मग दुसरं. मग तिसरं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"अटेस्ट केली. सगळी."

"ही ओरिजिनल होती, बाबा. दुसरी नाहीयेत माझ्याकडे. एक वर्ष गेलं यात."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अमिता चित्रातला स्वतःचा गाल बघत होती. म्हणाली, "चौतीस वर्षं हा माणूस दफ्तरात होता. सरकार टिकलं कसं?"

मी लिंबू घेऊन बसलो. सरकारी शाई लिंबानं जाते असं कोणीतरी सांगितलं होतं. वांग्यावर घासलं. शिक्का जसाच्या तसा राहिला, वांगं गेलं. अमितानं माझ्या हातातून लिंबू काढून घेतलं.

गुरुवारी सकाळची बस धरली. मी बरोबर नको असं मधू म्हणाली नाही. खिडकीशी बसली आणि माझ्या पिशवीतून अर्जाच्या जादा प्रती काढल्या. मी अर्ज नेहमी तीन प्रतींत काढतो. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काहीतरी खरडत राहिली. मी धारला चहा विचारला, "नको." दाहोदला केळी विचारली, "नको." मग मी फाइल छातीशी धरून डोळे मिटले. झोप कसली लागते! असं वाटत होतं, पण लागली म्हणे. तोंड उघडं ठेवून लागली म्हणे.

शुक्रवारी इंटरव्ह्यूच्या खोलीबाहेर मी बाकावर बसलो. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. आत दाढीवाले एक सर आणि पिकल्या केसांच्या एक मॅडम. बराच वेळ नुसते कागद उलटल्याचे आवाज. मग सर म्हणाले, "मधुवंती, ये ठप्पे... ये आपका कॉन्सेप्ट है? सरकार, पहचान, सत्ता वगैरह?"

मी बाकावरून अर्धा उठलो. हो म्हण, पोरी! हो म्हण! देव पावला!

"नहीं सर," मधू म्हणाली. "ये मेरे बाबा हैं."

मी परत बसलो. गाढव पोरगी! एवढी आयती संधी!

"अच्छा हुआ," सर म्हणाले. "कॉन्सेप्ट वाले ठप्पे हर साल चार लोग लाते हैं. हम चारों को वापस भेजते हैं."

मग मॅडमचा आवाज आला, "और ये खुले पन्ने किसके हैं? अर्ज़ी के पीछे?"

"वो... बस में बनाए थे, मैम. ऐसे ही. गुस्से में."

आत कागद उलटले गेले. आणि मग कोणीतरी खुसकन हसलं. मग दोघंही हसायला लागले. चांगलं, पोटभरून! दार उघडलं आणि मॅडम स्वतः बाहेर आल्या. हातात ते कागद. म्हणाल्या, "आप ज़रा अंदर आइए."

आत गेलो. मॅडमनी एकेक कागद माझ्या तोंडाशेजारी धरला. पहिल्यावर मी, तोंड उघडं, जसा काही नर्मदेचा घाट. दुसऱ्यावर मी केळी विचारतोय, डोळे शिक्षा झालेल्या पोरासारखे. तिसऱ्यावर फाइल अशी कवटाळलेली की जणू तान्हं बाळ. चौदा कागद! एवढा गाढवपणा माझ्या चेहऱ्यावर कधीपासून आहे, कोणी सांगितलंही नाही. आणि शेवटच्या कागदावर नुसते माझे दोन हात होते. अंगठ्याला जांभळी शाई. ते हात तिनं इतके सांभाळून काढले होते की मला बघवेना.

मॅडमनी कागद बघितला, माझे हात बघितले. अंगठ्याची शाई अजून गेली नव्हती.

"मूल प्रति से मिलान किया," त्या म्हणाल्या. "सही पाया गया."

मधूकडे बघितलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. माझंही तेच चाललं होतं, पण मी खोकल्याचं निमित्त केलं.

तासाभरात यादी लागली. दुसरं नाव! वेटिंगमध्ये नव्हे, पक्क्या यादीत! मी अमिताला फोन केला. ती म्हणाली, "बरं. आता तिथल्या कशाला हात लावू नका."

मग आम्ही कागद जमा करायला काउंटरवर गेलो. जाळीमागे एक बाबू. शर्टाच्या खिशात दोन पेनं, चेहऱ्यावर आक्षेप. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"मार्कशीट की अटेस्टेड कॉपी?"

मी पिशवीत हात घातला, फोटोकॉपी काढल्या आणि तिथेच गार पडलो. कोऱ्या! देपालपूरपासून त्या पिशवीतच होत्या! वांगी अटेस्ट झाली, तपेली झाली, बायकोचा गाल झाला, पोरीचं मनसुद्धा झालं. राहिलं होतं ते हेच!

"भाई साहब," मी जाळीला तोंड लावून म्हटलं, "मोहलत मिलेगी? मैं देपालपूर जाके..."

तेवढ्यात मधूनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, तीन कागदांवर झरझर सह्या केल्या आणि आत सरकवले. बाबूनं वर बघितलंसुद्धा नाही. टाचणी मारली, फाइल बंद.

"देखेंगे नहीं?" मला राहवेना.

"क्या देखना, चाचाजी? बच्ची ने खुद साइन किया है ना. सच ही होगा."

चौतीस वर्षांत पहिल्यांदाच मला कसलाच आक्षेप काढता आला नाही. फक्त एक सांगतो, पेन माझं होतं.