मन्मथआप्पा राय घेतात

लातूरच्या आडत बाजारात मन्मथआप्पा काही दिवस अर्धी मिशी घेऊन हिंडत होते. हे मी ऐकीव सांगत नाही. न्हाव्याच्या ओट्यावर मी माझ्या पाळीची वाट बघत बसलो होतो. आप्पांनी उजवी बाजू काढून घेतली, आरशात पाहिलं आणि वस्तरा थांबवून सगळ्यांना विचारलं, “मंडळी, मिशी ठेवायची का काढायची? राय सांगा.”

अर्धे म्हणाले ठेवा, अर्धे म्हणाले काढा.

“आप्पा, डावी घेऊ का आता?” न्हावी म्हणाला.

“कशी घेशील? राय बराबर पडली न्हवं,” असं म्हणून आप्पांनी अंगावरचं फडकं झटकलं आणि तसेच दुकानात जाऊन गादीवर बसले. पुढच्या बाजाराला उदगीरचा एक पाहुणा आला, त्याने काढा म्हटलं, तेव्हा कुठे आप्पांचं तोंड एकसारखं झालं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. तहसीलदार हुकूम काढायचा, दवंडीवाला तो गल्लोगल्ली ओरडायचा आणि आम्ही ऐकायचो. कुणी कुणाला काही विचारायची रीतच नव्हती. अशा गावात हा एक आडत्या दिसेल त्याला राय विचारत सुटायचा. हकीमसाहेबांनी काढा दिला की तो घ्यावा का, हे तिथल्या बाकीच्या रोग्यांना विचारायचा. बैल घ्यायचा तर विकणाऱ्यालाच बाजूला नेऊन म्हणायचा, “माझं सोडा, तुम्ही माझ्या जागी असता तर घेतला असता का?” विकणारा बिचारा गोंधळून जायचा. एकाने तर खरं सांगून टाकलं.

मी आप्पांच्या शेजारी राहायचो आणि त्यांच्या समोरच्या आडतीवर कारकुनी करायचो. त्यांच्यावर हसणाऱ्यांत मी पुढे असायचो. विशेषतः बाजारपट्टीची गोष्ट मी आयुष्यभर लग्नाकार्यांत रंगवून सांगितली, लोकांना पोट धरून हसवलं. शेवटी कुणीतरी म्हणायचं, आप्पाने कुणाकडून तरी पैसे खाल्ले असणार. मी गप्प बसायचो. खरं काय ते मला ठाऊक होतं. आता ते सांगणारा माझ्याशिवाय कुणी उरला नाही.

बाजारात पोती उघड्यावर पडायची, पावसाने भिजायची. पत्र्याची मोठी पडवी घालायची तर पैसा हवा. त्यासाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मालावरची पट्टी थोडी वाढवावी, असं व्यापाऱ्यांच्या पंचांचं ठरलं. आप्पा त्या पंचांत थोरले. तहसीलदाराची ना नव्हती. पंचांनी सही केली की काम झालं असतं.

“राय घेऊ,” आप्पा म्हणाले.

“घेतली की. आपण पाच जण हाव म्हणलो,” अत्तरवाले हुसेनभाई म्हणाले. तेही पंचांपैकी एक आणि आप्पांचे जुने दोस्त.

“पट्टी का पाच जण देनार हायत? साऱ्या गावाला विचारायचं. बायकांना बी.”

हुसेनभाईंनी कानातला अत्तराचा फाया काढला, हुंगला आणि परत ठेवला. “औरतों की भी राय? आप्पा, तबियत बरी हाय न्हवं?”

“मीठ-तेल कोन पुरवून वापरतं घरात? तुम्ही का मी?”

आप्पांच्या घरात चुलीपाशी होती त्यांची धाकटी बहीण, काशाबाई. आप्पांनी लग्न केलं नव्हतं. काशाबाईंचं मात्र त्यांनीच लावून दिलं होतं, धर्माबादच्या एका वयस्कर व्यापाऱ्याशी. पाहुण्यांसमोर सुपारी फोडून मोकळे झाले आणि तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. नवरा लवकर गेला, बाई माहेरी परत आली. भांडली नाही, रडली नाही. फक्त त्यानंतर आप्पांनी काहीही विचारलं की एकच उत्तर यायचं: “तुमच्या मनाला येईल ते.”

वांगी आणू का भेंडी? तुमच्या मनाला येईल ते. तब्येत बरी नाही का? तुमच्या मनाला येईल ते.

“सारा बाजार बोलतो रे माझ्याशी,” आप्पा एकदा मला म्हणाले होते, “घरच बोलत न्हाई.” पट्टीबद्दलही त्यांनी काशाबाईंना आधी विचारून पाहिलं होतं. उत्तर तेच आलं. मग दुसऱ्या दिवशी पंचांपुढे ते बायकांच्या रायेसाठी हटून बसले.

राय घ्यायची रीत अशी ठरली. प्रत्येकाच्या हातावर एक शेंगदाणा आणि एक करडईचा दाणा ठेवायचा. पट्टी वाढवा म्हणणाऱ्याने शेंगदाणा घागरीत टाकायचा, नको म्हणणाऱ्याने करडई. घागरीच्या तोंडाला फडकं बांधलेलं, हात आत जाईल एवढी फट. कुणी काय टाकलं ते कुणाला दिसायचं नाही. पुरुषांची घागर बाजारात ठेवली, बायकांची हुसेनभाईंच्या अंगणात.

बाजार व्यापाऱ्यांचा. पडवी सगळ्यांना हवी होती. पण आमच्या आडत बाजारात हातात दाणा आला की तो तोंडात जातो. पोत्यात हात घालायचा, चार दाणे चावायचे, मग भावाचं बोलायचं, अशी जन्माची सवय. रांग लांब होती, गप्पा रंगल्या होत्या. घागरीपाशी पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त बाजाराने आपली राय खाऊन टाकली होती. मग हातात उरली करडई. काहीतरी टाकायला तर हवं, म्हणून ती टाकली.

घागर पालथी केली तेव्हा करडईचा ढीग पडला. हुसेनभाईंनी आपल्या मिशीवरची शेंगदाण्याची साल पुसली आणि आभाळाकडे पाहिलं. बायकांच्या घागरीतही करडईच जास्त निघाली. त्यांनी मात्र काही खाल्लं नव्हतं.

“ही राय धरायची न्हाई,” सगळे म्हणाले. “उद्या परत घेऊ. या वक्ती खडे घेऊ, काळे अन् पांढरे.”

“घेऊ,” आप्पा म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. आप्पा दारातूनच बहिणीला म्हणाले, “काशे, उद्या परत जावं लागतंय हुसेनभाईकडं. खडा टाकायला.”

आतून काशाबाई म्हणाल्या, “मी टाकली की करडई.”

आप्पांचा पाय उंबऱ्यावरच थांबला. “करडई? म्हंजे नको?”

“नकोच. पडवी तुमच्या पोत्यांना, अन् तेल-मीठ महाग आम्हाला. तुम्ही व्यापारी काय पट्टी पदरची देनार? भावात लावनार. उद्या खडा टाकायचा तर बी मी नकोचाच टाकीन.”

एवढं मोठं बोलणं त्या घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. आप्पा खाली बसले. “पर काशे, पोती भिजतात की गं,” ते हळूच म्हणाले.

“भिजू द्या. ताडपत्री घ्या. डोक्यावर रेशमी फेटा घ्यायला होतंय तुम्हाला.”

“फेटा जुना हाय.”

“जुना कुठला? दसऱ्याचा हाय.”

आप्पा एकेक शंका काढत गेले आणि काशाबाई ती खोडत गेल्या. पडवीबद्दल आप्पांना तेव्हा काही पडलेलं नव्हतं, हे माझ्यासारख्या पोरालाही कळत होतं. वाद थांबू नये एवढंच ते बघत होते.

सकाळी त्यांनी पंचांना सांगून टाकलं, “पट्टी नामंजूर. राय एकदाच पडते.” लोक चिडले. हट्टी म्हणाले, फितूर म्हणाले. हुसेनभाईंनी आठवडाभर अबोला धरला. आप्पांनी कारण कुणाला सांगितलं नाही आणि मीही नाही.

त्या वर्षी पाऊस जोरात झाला आणि सगळ्यांत जास्त तूर आप्पांचीच भिजली. ती त्यांनी दारात गोणपाटावर वाळत घातली आणि शेजारी फेटा काढून निवांत बसले. जाणारे-येणारे हसत होते. आप्पाही हसत होते.

काशाबाई दारात आल्या. “आप्पा, खालून वल्ली हाय ती. वरखाली करा.”

त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आप्पांनी नुकतीच सगळी तूर वरखाली केली होती, हे मी पाहिलं होतं.

“हाव,” ते म्हणाले आणि उठून पुन्हा पहिल्या टोकापासून सुरू झाले.