बसलिंगअप्पांच्या रेघा

बसलिंगअप्पा दुकानात गेले की वस्तूची किंमत पाहत नाहीत, वजन पाहत नाहीत. पुडा उलटा करतात, बारकोडच्या उभ्या रेघांवरून अंगठ्याचे नख फिरवतात आणि दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "फाटल्यात!" मग साबण कितीही सुगंधी असो, तो घरी येत नाही.

लातुरात आमच्या शेजारीच त्यांचा छापखाना आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिथल्या बाकावर माझी रोजची बैठक असते. त्यामुळे अप्पांविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे, चौकातल्या चहावाल्याला नाही. पत्नीच्या निधनानंतर अप्पांच्या डोक्यावर परिणाम झाला, हे त्याचे म्हणणे साफ खोटे आहे. वहिनी हयात असतानाच ते असे होते. त्याच मला म्हणत, "भावजी, ह्यांना माझ्या कपाळाचं कुंकूबी किती शायांचं हाय ते दिसतंय!"

दुसरी अफवा अधिक गंभीर आहे. जळकोटच्या प्रज्ञाला अप्पांनी रडवून परत पाठवले म्हणे. मी तिथे होतो. ती रडली हे खरे. परत गेली नाही.

प्रज्ञा आणि तिच्या गटातल्या बायका मिरचीची चटणी करतात. लातूरच्या एका मोठ्या दुकानाने त्यांना फळीवर जागा दिली. पण गल्ल्यावरचे यंत्र पुडे वाचेना, म्हणून पहिला सगळा माल माघारी आला. सोमवारी पुन्हा तसेच झाले, तर ती जागा जाणार होती.

"चटणी लाल, म्हून रेघाबी लाल घेतल्या, अप्पा. शोभत होत्या."

"त्या यंत्राचा उजेडच लाल असतोय, माय. त्याला लाल रेघ पांढरी दिसतीय. तू त्याला कोरा कागद दावलास."

"मग निळ्या घ्या. आमच्या गटाचा रंग निळाच हाय."

अप्पांनी निळा नाकारला, असे चौक म्हणतो. चौक चुकतो. "निळं वाचतंय की! पण चार शाया एकावर एक छापून केलेली मिसळ न्हाई चालायची. कागद केसभर सरकला की रेघंला मिशा फुटत्यात. एकच शाई, निव्वळ!" जन्मभर 'काळा म्हंजी निव्वळ काळा' हा जप करणाऱ्या माणसाला निळ्या शाईचा डबा उघडताना मी स्वतः पाहिले आहे.

रडू कोसळले ते फाईलवरून. प्रज्ञाने मोबाइलवर बारकोडचा फोटो पुढे केला.

"ह्यो फोटू झाला. ताणला की ठिपक्यांची रांगोळी. मला रेघांचं माप पाह्यजे." तिचे डोळे भरलेले पाहताच अप्पांनी खुर्ची ओढली. "रडू नको, माय. रेघांखालचा नंबर सांग." त्यांनी त्या रेघा संगणकावर नव्याने आखल्या आणि, कितीही मोठ्या केल्या तरी कड फुटू नये म्हणून, व्हेक्टर फाईलमध्ये जतन केल्या.

आता छापखान्यातल्या कुलूपबंद कपाटाविषयी. अप्पा कपाटात माल दडवतात, या मताचा, प्रामाणिकपणे सांगतो, मीही होतो. त्यांना मधुमेह आहे, तरी आत बिस्किटांचे पुडे. घरात मूलबाळ कधीच नव्हते, तरी बाळांची पावडर. मी माझे मत सहसा बदलत नाही. सोमवारी बदलले.

त्या दिवशी दुकानाच्या रांगेत अप्पा चटणीचा एकच पुडा छातीशी धरून उभे होते. डॉक्टरांनी त्यांचे तिखट केव्हाच बंद केले आहे. पलीकडे प्रज्ञा ओढणीचे टोक पिळत होती. गल्ल्यावरच्या मुलीने पुडा उचलला. अप्पांनी डोळे मिटले.

टिंग.

"पोचली," अप्पा पुटपुटले. मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळून म्हणाले, "माझ्या रेघांच्या पह्यल्या खेपंला एक पुडा घ्यायला येतोच मी, गुरुजी. लेक सासरी निघाली की बाप येशीपतूर जातोच की."

कपाट मला तेव्हा समजले.

प्रज्ञा धावत आली. "अप्पा, तुम्ही तिखट खाताव?"

"न्हाई, माय."

तिने त्यांच्या हातातल्या पुड्याकडे पाहिले, अप्पांकडे पाहिले. "येत्या रविवारी जवसाची चटणी आणते. बिनतिखटाची, घरची. पण तिला रेघा नसतील, बघा."

बारकोड न तपासता अप्पांनी कधी काही घेतल्याचे मला स्मरत नाही.

"चालतंय," अप्पा म्हणाले. "डब्यातच आण."