तक्रार एकोणिसावी: बकरी येत नाही

सोमवारी परिपाठ संपल्यावर प्रेमराज सरांनी तिसरी-चौथीच्या एकोणीस मुलांना एकेक चिठ्ठी वाटली. प्रत्येक चिठ्ठीवर सरांविरुद्ध एक तक्रार लिहिलेली होती. अक्षर सरांचंच होतं, सुबक आणि ठळक.

चिठ्ठी तिसरी : सरांचं फळ्यावरचं अक्षर दिसत नाही.

चिठ्ठी चौथी : सर फार भरभर शिकवतात.

चिठ्ठी पाचवी : सर फार हळू शिकवतात.

"पाठ करा," सर म्हणाले. "एकेकाने तांदळाच्या खोलीत जायचं, टॅबवरचं लाल बटण दाबायचं आणि आपापली तक्रार बोलायची. चिठ्ठी बघून वाचायची नाही. मनापासून बोलल्यासारखं वाटलं पाहिजे."

तिसरी चिठ्ठी मिळालेली रूपाली उभी राहिली. चौथीत होती, पहिल्या नंबरची होती, आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या भिकुबाईंची नात होती. त्यामुळे ती कुणाला घाबरत नसे.

"सर, हाई तं खोटं शे. तुमनं अक्षर माले मागलं बाकवरथीन बी दिसस."

"असू दे. तू सांग की दिसत नाही."

"कसाले?"

कसाले, हे सरांनाही नीट समजावता आलं नसतं.

पारोळ्यापासून आत असलेल्या त्या दोन शिक्षकी शाळेला दिवाळीआधी एक टॅब मिळाला होता. मुलांना शिकताना काय अडतं ते मुलांनीच त्याच्यात बोलायचं, शिक्षकाने ते ऐकून शिकवणं सुधारायचं, आणि सुधारणा झाली की टॅबमधली रेघ वर चढायची. कल्पना सरांना आवडली होती. पहिल्या महिन्यात त्यांनी मुलांना खरोखरच मोकळं सोडलं. एकोणीसच्या एकोणीस मुलांनी टॅबला सांगितलं, "काहीच अडचण नाही, सर चांगले आहेत." श्रेयांसने तर शेवटी टॅबला नमस्ते केलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख रतिलाल सरांचा फोन आला होता.

"प्रेमराजभाऊ, घात केला तुम्ही."

"का? रेघ तर एकदम वर आहे."

"तेच तर! पहिल्याच महिन्यात छताला लावली. आता ती जाणार कुठे? सुधारणा शून्य दिसते. सुधारणा शून्य म्हणजे शाळा लाल. दोन महिने लाल राहिली की तुमची रवानगी दुसऱ्या तालुक्यात."

"मग मी काय करू?"

"जरा खाली या ना, भाऊ. मग हळूहळू वर चढा. सगळे तसंच करतात."

दुसऱ्या तालुक्यात जायचं नव्हतं, कारण सरांना आता जायला कुठेच नको होतं. श्रावणात त्यांची बायको दिपमालाबाई वारली. तेरा दिवसांची रजा संपवून सर शाळेत आले, हजेरी घेतली आणि जिथे सोडला होता तिथून भागाकार पुढे शिकवायला लागले. धुळ्याच्या घराचं कुलूप आता सकाळी तेच लावायचे आणि संध्याकाळी तेच काढायचे. मधल्या वेळात बोलायला होती ती ही एकोणीस मुलं. अकरा वर्षं त्यांनी याच शाळेत काढली होती.

म्हणून चिठ्ठ्या.

*

मुलं एकेक करून तांदळाच्या खोलीत गेली. पोषण आहाराच्या पोत्यावर टॅब ठेवला होता. बाहेर सर दाराला पाठ करून उभे होते; ऐकायचं नाही असा नियम होता आणि सर नियम पाळणारे होते. पहिली-दुसरीच्या सारिका मॅडम मात्र खिडकीतून ऐकत होत्या आणि पदर तोंडात धरून हसत होत्या.

श्रेयांस गावातल्या किराणा दुकानदाराचा, लालचंदभाऊंचा मुलगा. तो आत गेला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "सर आम्हाला फळ्यासमोर बोलावत नाहीत." मग थोडा थांबला आणि स्वतःच्या मनाने जोडलं, "पण बोलावलं नाही तरी आम्हाला राग येत नाही."

चिठ्ठ्यांवरच्या तक्रारी अठरा नोंदल्या गेल्या; एकोणिसावी रूपालीची, ती सगळ्यांच्या शेवटी गेली तोवर सारिका मॅडमही आपल्या वर्गावर परतल्या होत्या. रेघ धाडकन खाली आली. सरांना बऱ्याच दिवसांनी एखादं काम पुरं झाल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती. दर शनिवारी टॅब आपोआप शिकवण्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी पालकांच्या फोनवर पाठवत असे.

*

गावात फोन पुष्कळ होते, पण वाचायचा कंटाळाही पुष्कळ होता. त्यामुळे रविवारी सकाळी लालचंदभाऊंनी दुकानात गिऱ्हाइकांना तक्रारी मोठ्याने वाचून दाखवल्या. अर्धा किलो साखर, सर भरभर शिकवतात. पाव किलो तूरडाळ, सर हळू शिकवतात. चहापत्तीचा पुडा, सर वर्गात खिडकीबाहेर बघत बसतात.

या शेवटच्या तक्रारीवर गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. कारण ही सरांनी चिठ्ठीत लिहिली असली तरी लोकांनीही ती डोळ्यांनी पाहिली होती.

सोमवारी सर बसमधून उतरले तेव्हा लालचंदभाऊ श्रेयांसचा हात धरून फाट्यावरच उभे होते. पोराचा गाल लाल होता.

"सर, माफी मागायला आणलाय याला. गुरूविरुद्ध बोलतो! मी काल चांगला ठोकला."

"अहो भाऊ, मारलं कशाला?"

"म्हणतो, सरांनीच सांगितलं बोलायला. वर खोटंही बोलतो!" असं म्हणून लालचंदभाऊंनी पुन्हा हात उगारला.

सर मध्ये पडले. खरं सांगावं तर चिठ्ठ्या बाहेर येतात, रतिलाल सर अडकतात, शाळा लाल होते. न सांगावं तर पोरगं मार खातं. सरांनी श्रेयांसकडे पाहिलं. श्रेयांसने डोळ्यांनीच सांगितलं, राहू द्या.

"मीच सांगितलं होतं," सर म्हणाले.

लालचंदभाऊंचा हात खाली आला. त्यांनी सरांच्या खांद्यावर तो ठेवला आणि पोराला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "सर, पोराला वाचवायला तुम्ही खोटं बोलताय. देवमाणूस आहात. पण तब्येतीला जपा."

शाळेत भिकुबाई हातात पळी घेऊन वाट पाहत होत्या.

"मास्तर, माले बठ्ठं समजनं. पोरेस्नं काय चुकनं नही, अन् तुमनं बी नही. घरमा बाई नही, मंग मानूसनं मन लागस का कामवर?"

"अक्का, तसं काही नही."

"मनी भाचीनी नणद शे. चाळीसगावले. दहावी पास. सयपाक भलता चांगला करस. फोटो लई ऊ?"

फोटो आणू का, या प्रश्नावर सरांनी फक्त मान हलवली. ती हो होती की नाही, हे भिकुबाईंनी विचारलं नाही. पोरीचं नाव भागीरथी, एवढं मात्र त्यांनी खिचडी ढवळता ढवळता तीनदा ऐकवलं.

*

महिनाअखेरीस सुधारणेची वेळ आली. रतिलाल सर स्वतः मोटरसायकलवर आले. नियम असा होता की तक्रार मिटली की नाही, हे तक्रार करणाऱ्या मुलानेच सांगायचं. टॅबवर दोन बटणं येत: हो आणि नाही.

अठरा मुलांनी हो दाबलं. श्रेयांसने तीनदा दाबलं. रेघ सुळकन वर चढली.

एकोणिसावीपाशी अडकली.

"ही कुठली?" रतिलाल सरांनी चष्मा पुसला. "विषय: इतर. लावा बरं."

टॅबशी शुद्धच बोललं पाहिजे अशी रूपालीची समजूत होती. तिचा आवाज परीक्षेतल्यासारखा आला:

"सरांचं अक्षर मला दिसतं. माझी तक्रार दुसरी आहे. श्रावणापासून आमच्या वहीत चष्मेवाली बकरी येत नाही. मी सगळी गणितं बरोबर करते, तरी येत नाही. आमचं काही चुकलं असेल तर सांगावं, ही विनंती."

सारिका मॅडमनी पदर तोंडातून काढला.

"कसली बकरी?" रतिलाल सर म्हणाले.

प्रेमराज सर खिडकीबाहेर बघू लागले.

*

वह्या ते कापडी पिशवीतून धुळ्याला घरी न्यायचे. जेवण झालं की तांबड्या पेनाने तपासत बसायचे. दिपमालाबाई समोर बसून लसूण सोलायच्या आणि मध्येच त्यांच्या हातातलं पेन काढून घ्यायच्या. पानाच्या तळाशी बोटभर बकरी काढायच्या. बकरीच्या डोळ्यांवर चष्मा असायचा.

"ही कोण?" सरांनी पहिल्यांदा आपला चष्मा सरळ करत विचारलं होतं.

"ओळखा."

"अगं, शासकीय शाळेची वही आहे."

"मग ही शासकीय बकरी."

सगळं बरोबर असलं तर बकरीला दाढी. एखाददुसरं चुकलं तर बिनदाढीची. मुलं दाढीसाठी जीव टाकायची. ती सरच काढतात असंच त्यांना वाटे, आणि सरांनी कधी सांगितलं नाही, कारण सांगायची वेळ कधी आली नाही.

*

"काढा की मग एक बकरी!" रतिलाल सर म्हणाले. "पाच मिनिटांचं काम. पोरगी हो दाबेल, शाळा हिरवी होईल, मी जेवायला जाईन."

सरांनी तांबडं पेन घेतलं. रूपालीच्या वहीत बकरी काढली. वर्ग वहीभोवती जमला.

"हाई तं खाट शे," मागून कुणीतरी म्हणालं.

"खाटले दाढी कसाले?"

"ती दाढी नाही, ते शेपूट आहे," सरांनी खुलासा केला.

रूपालीने नाही दाबलं.

दुसरी बकरी शिवणयंत्रासारखी आली. तिसरीला चष्मा जमला, पण त्याच्या मागे बकरी जमली नाही. सारिका मॅडमनी मोबाइलवर एक छान रंगीत बकरी शोधून दाखवली. तिला काळा चष्माही होता. रूपालीने ती बराच वेळ पाहिली.

"हाई चांगली शे," ती म्हणाली. "पन हाई ती नही शे."

आणि पुन्हा नाही दाबलं.

रतिलाल सर वैतागले. "ए पोरी, बकरी ती बकरी! तुझ्या एका बकरीपायी तुझे सर जातील इथून. समजतं का?"

 ही गोष्ट मुलांना कुणी सांगितलेलीच नव्हती. श्रेयांसने रूपालीचा फ्रॉक मागून ओढला. रूपालीचं बोट हो वर गेलं, तिथेच थांबलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"थांब," प्रेमराज सर म्हणाले. "दाबू नको."

ते खुर्चीवर बसले. मग उठून मुलांमध्ये, खाली सतरंजीवर बसले.

"बकरी मी काढत नव्हतो. घरी आमच्या बाई काढायच्या. माझ्याच हातातलं पेन घेऊन. श्रावणात त्या वारल्या, म्हणून बकरी येत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. तुमची गणितं सगळी बरोबर होती." मग ते म्हणाले, "हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला सांगता आलं नाही."

बाहेर भिकुबाईंची पळी थांबली होती.

रूपालीने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं. "मंग पहिलेच सांगनं व्हतं, सर. आम्ही बठ्ठा पोरे दाढीसाठी दोन-दोनदा गणितं तपासूत."

तिने टॅब मांडीवर घेतला. 

"अर्धं हो, असं बटन नही का?"

"नाही गं, माय," रतिलाल सर म्हणाले. 

मग तिने हो दाबलं.

*

सूचना : आपल्या शाळेने केंद्रात सर्वाधिक सुधारणा नोंदवली आहे. अभिनंदन. पुढील महिन्यातही अशीच सुधारणा अपेक्षित आहे.

रतिलाल सरांनी ती वाचली आणि कपाळाला हात लावला. "भाऊ, पुन्हा छताला लागली रेघ. पुढच्या महिन्यात परत जरा खाली या."

"आता चिठ्ठ्या नाही," सर म्हणाले.

"मग मी वर काय सांगू?"

"मुलं सांगतील ते."

रतिलाल सरांनी मोटरसायकलला किक मारली. ती तिसऱ्या किकला सुरू झाली, पण ते लगेच निघाले नाहीत. "माझ्या नातवाच्या वहीत नुसत्या बरोबरच्या खुणा असतात," एवढं बोलून गेले.

भिकुबाईंनी त्या दिवसानंतर भागीरथीचं नाव काढलं नाही. सरांच्या ताटात खिचडी मात्र दोन पळ्या जास्त पडू लागली.

दुसऱ्या दिवशी टेबलावरची टाचणवही गायब होती. उद्या काय शिकवायचं ते सर तिच्यात रोज लिहीत. सर दिवसभर ती शोधत होते. वर्गातला एकही जण शोधायला मदत करत नव्हता, यावरूनच त्यांना समजायला हवं होतं.

बुधवारी वही जागेवर आली. सरांनी उघडली. सोमवारच्या पानावर तांबड्या पेनाने बरोबरच्या दोन खुणा होत्या आणि एक फुली होती. फुली 'खिडकीबाहेर बघणे' याच्यापुढे होती. ते सरांनी लिहिलेलं नव्हतं, कुणीतरी नव्याने जोडलं होतं.

पानाच्या तळाशी बोटभर बकरी होती. पाय पाच होते. चष्मा हुबेहूब सरांचा होता, डावी काडी दोऱ्याने बांधलेली.

सरांनी वही उजेडात धरली. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि बकरीच्या हनुवटीखाली नीट पाहिलं.

दाढी नव्हती.