शेवंती घोडीची शर्यत आणि दोन मडक्यांचा निवाडा

श्रीकुलस्वामिनी लेकरांस सुबुद्धी देवो. शके सोळाशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सर, आश्विन मास. ते सालीं विजयादशमीस राज्यात घोड्यांची शर्यत जाहली. धाकटे राजपुत्र तिची हकीकत पुसते जाहले, सबब त्यांस उमजेल ऐसी सावकाश लिहिली आहे.

हैबतराव धुमाळ म्हणोन शिलेदार होते. शिलेदार म्हणजे जो आपले घरच्या घोड्यावर चाकरी करितो, आणि बारगीर म्हणजे ज्याचे मांडीखाली घोडा दुसऱ्याचा. दोघांचे पागोट्यात फरक नाही, मानात फार. हैबतरावांची घोडी शेवंती, पठारावरची, अंगाने सडपातळ, खूर लहान आणि टणक. सरदार रायाजी खराडे यांचा घोडा भुजंग, नदीकाठचा, छातीने रुंद, खूर ताटाएवढे. दोघांनी भर दरबारात होड बांधिली की ज्याचे जनावर हरेल त्याने ते जिंकणारास द्यावे. हैबतरावांपाशी दुसरे घोडे नव्हते, हे सर्वांस ठाऊक होते.

मग शहरातही होडा लागो लागल्या. येथे ध्यानी धरावे की जाणता मनुष्य आधी घोडा पुसत नाही, मैदान पुसतो. कठीण मुरुमावर लहान खूर हलका उठतो. चिखलात तोच खुंटीसारखा रुततो, आणि रुंद खूर वरचेवर निघतो. नवमीस सकाळी मैदान कोरडे, तो लोक शेवंतीकडे. दोनप्रहरी हस्ताचा पाऊस पडला आणि लोक भुजंगाकडे गेले. मग मैदानाची देखरेख करणाऱ्या दारोग्याने गाड्यांनी मुरूम आणोन पसरिला, तो लोक पुन्हा शेवंतीकडे. एक तेली बोलिला, "दारोगेसाहेब, आता हात आवरा. फावडे तुम्ही उचलता आणि कंबर आमची मोडते."

दसऱ्यास शर्यत जाहली आणि शेवंती मानभर पुढे निघाली. लोकांनी पागोटी उडविली. परंतु या राज्याची रीत ऐसी की जिंकल्या जनावराचे मूत्र वैद्याने पाहिल्याखेरीज जय पुकारीत नाहीत. कां की मागे लोक दुखऱ्या पायाचे घोड्यास अफू चारून वेदना बधिर करीत, घोडा धावे आणि पुढे पाय मोडोन पडे, आणि त्याचे पायांवर भरवसा ठेविला ते फसत. मग सिदू मोतद्दार, जो घोडीची दाणावैरण पाहात असे, तिजखाली भांडे धरोन शीळ घालो लागला, कारण शिळेने घोडे मोकळे होते. घोडी मनावर घेईना. महाराज खोळंबले, दरबार खोळंबला, आणि ज्यांनी होड लाविली ते सर्व शीळ घालो लागले. रायाजी म्हणाले, "हैबतराव, पळताना घाई आणि आता इतकी सवड?" हैबतराव म्हणाले, "सरदार, खानदानी आहे. चारचौघांत लाजते."

अखेर कार्य जाहले. मूत्र दोन मडक्यांत भरोन मोहोर केली. वैद्याने एक पाहिले, अफू निघाली. हैबतराव म्हणाले, "दुसरे फोडा." दुसऱ्यातही अफूच. आता कायदा ऐसा होता की चाकराने लबाडी केली तर चाकर हद्दपार आणि शर्यत फिरोन व्हावी. मालकाचे घरातून घातले तर जनावर हरले. सिदू म्हणाला, "महाराज, मी काही घातले नाही." कोणी ऐकेना. हद्दपारीचा हुकूम निघाला, आणि लोक कुजबुजले, "बरेच जाहले, उद्या मैदान कोरडे, शेवंती पुन्हा जिंकते."

तेव्हां हैबतरावांची स्त्री मैनाबाई पुढे आली आणि म्हणाली, "सिदूस सोडावे. मी चारिले."

हैबतराव म्हणाले, "काय बोलता?"

"काल खंडेनवमीची पूजा. घोडीस अनारशांचा नैवेद्य दाखविला आणि तिलाच भरविला. खसखस सढळ हाताने लाविली होती."

वैद्याने कपाळास हात लाविला आणि म्हणाला, "खसखस अफूचे बोंडातलीच. बाईसाहेब, किती अनारसे?"

"खात होती तोवर. लेकरास कोणी मोजोन घालते काय?"

महाराज म्हणाले, "बाई, तुम्ही मायेने चारिले हे खरे. परंतु आज माया म्हणोन सोडिले, तर उद्या जो तो अफू मायेनेच चारील. जय भुजंगाचा."

मग हैबतरावांनी लगाम रायाजींचे हाती दिला. रायाजींनी घोडीकडे पाहिले आणि म्हणाले, "घोडी आमची जाहली, तिजवर स्वार पाहिजे. बारगिरी कराल?" हा अपमान की उपकार, यावर लोक आजही भांडतात. हैबतरावांनी मैनाबाईकडे पाहिले. मैनाबाई हळूच म्हणाली, "करा. तिला परका हात चालायचा नाही." मग हैबतरावांनी रायाजींस मुजरा केला आणि आपलेच घोडीवर दुसऱ्याचा स्वार होऊन बसले.

एवंच हकीकत. भुजंगावर होड लाविली त्यांनी पेढे वाटले, सिदू घोडीमागोमाग रायाजींचे पागेत गेला, हैबतरावांची शिलेदारी गेली ती गेली. राजपुत्र पुसतात, न्याय जाहला की अन्याय? तर न्यायच जाहला. आणि जिने खरे सांगितले तिचेच घरी तो महाग पडला, ऐसेही होते.