किल्लीचं ऑपरेशन

गाडी बिघडली की लोक मेकॅनिकला फोन करतात. मी करत नाही! यंत्रापुढे मान तुकवणाऱ्यांतला मी नव्हे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बायको तर ते अगदी रडवेल्या आवाजात सांगते.

त्या दिवशी अकरा वाजता तिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. तिसऱ्यांदा! या वेळी नापास झाले तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं तिने जाहीर केलं होतं. साडेनऊला सरावासाठी तिने गाडी सुरू केली. इंजिन घुरघुरलं आणि दोन सेकंदांत गप्प! समोर किल्लीचं लाल चिन्ह लुकलुकायला लागलं.

"इमोबिलायझर!" मी जागच्या जागी निदान केलं. "किल्लीतली चिप गाडीला ओळखू येत नाहीये. चोर समजतेय आपल्याला."

"मी भावाला बोलावते." तिचा भाऊ गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आहे.

"खबरदार! मी काय मेलोय?"

किल्ली कड्यातून सोडवून मी जेवणाच्या टेबलावर घेतली आणि सुरीने तिचं पोट फाडलं. सेल बदलला. फुंकर मारून धूळ उडवली. कोपऱ्यात एक काळा कण घट्ट चिकटून बसला होता. तो चिमट्याने उपटला आणि खिडकीबाहेर भिरकावला.

"बघ! एवढासा कचरा आणि केवढा माज!"

गाडी ढिम्म. सव्वादहा वाजले. बायकोचे डोळे भरून आले आणि तिने भावाला स्पीकरवर फोन लावला. मेहुण्याचा आवाज सगळ्या घरात घुमला.

"भाऊजी, दोन्ही किल्ल्या एकाच कड्यात आहेत का?"

"अर्थात! दुसरी हरवू नये म्हणून कालच मी तशी व्यवस्था केली."

"तेच तर! दोन्ही चिप्स एकदम बोलतात, गाडी गोंधळते. एक सोडवा, झालं काम!"

"सोडवली."

"तरी चालत नाही? आत तांदळाएवढी काळी चिप आहे ना?"

मी खिडकीकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग तिने टेबलावरचं कडं उचललं, त्यातली दुसरी किल्ली लावली आणि पहिल्या झटक्यात गाडी सुरू करून परीक्षेला गेली. मी मागून ओरडलो, "माझं निदान चुकलं नव्हतं! चिप म्हणालो होतो, चिपच निघाली!"

दुपारपर्यंत मी खिडकीखालच्या कुंड्यांमधली माती चाळत होतो. चिप सापडली नाही. बायको मात्र पास झाली!

आता घरात चालणारी किल्ली एकच आणि ती तिच्या पर्समध्ये. मला कुठे जायचं असलं की तीच सोडते. मी शेजारी बसतो. सूचना केली की ती गाडी बाजूला घेते आणि माझ्या बाजूचं दार उघडते. परवा बाजारातून मी चालत घरी आलो. पण गिअर तिने उशिराच बदलला होता!